‘बाइट द बुलेट’: गोळी कुणी चावली, काडतूस कुणी फोडलं आणि मराठीत काय लिहायचं

तुमचा प्रश्न असा आहे. आजच्या काळातल्या एका इंग्रजी कादंबरीचा तुम्ही अनुवाद करत आहात. त्यातली थोरली बहीण भावंडांना म्हणते, ‘वी विल हॅव टू बाइट द बुलेट अँड सेल द हाउस.’ तुम्ही लिहिलंत, ‘काळजावर दगड ठेवून घर विकावं लागेल.’ संपादकांनी ते खोडून ‘गोळी चावून’ असं सुचवलं आणि समासात टीप दिली की हा वाक्प्रचार १८५७च्या काडतुसांवरून आलाय, त्यातला भारतीय संदर्भ घालवू नका. तुम्हाला मात्र शाळेत शिकवलं होतं की भूल देण्याची सोय नव्हती तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला चावायला बंदुकीची गोळी देत. तर खरं काय, आणि अनुवादात काय ठेवायचं?

यात दोन प्रश्नांची गाठ पडली आहे. एक उगमाचा, दुसरा अर्थाचा. संपादकांनी पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निकाल लावला आहे आणि माझ्या मते गडबड तिथे आहे. उगम समजा अगदी शंभर टक्के १८५७चा निघाला, तरी आज घर विकायला निघालेल्या त्या बहिणीच्या मनात बराकपूर नाही आणि मेरठही नाही. तिला काय म्हणायचंय ते आधी पाहू, मग गोळीकडे वळू. मी बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आणि वाक्प्रचार समोर आला की याच क्रमाने जाते. उलट क्रमाने गेलं की गोष्ट इतकी रंगतदार निघते की वाक्य बाजूलाच राहतं.

अर्थ. शब्दकोशात ‘अप्रिय गोष्टीला धैर्याने सामोरं जाणं’ असं काहीसं सापडेल. चूक नाही, पण अपुरं आहे. या वाक्प्रचारात तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात. समोरची गोष्ट नकोशी आहे, ती टळणार नाही, आणि आतापर्यंत ती टाळली गेली आहे. तिसरी गोष्ट शब्दकोशांत बहुधा निसटते, पण वापरात तीच सगळ्यात जास्त जाणवते. दात दुखतोय म्हणून सहा महिने लवंग धरणारा माणूस शेवटी दंतवैद्याकडे जातो, तेव्हा इंग्रजीत तो ‘बाइट द बुलेट’ करतो. त्याच माणसाला रस्त्यात अचानक अपघात झाला आणि त्याने वेदना सोसल्या, तर तिथे हा वाक्प्रचार सहसा बसत नाही. नुसतं सोसण्यासाठी इंग्रजीत ‘ग्रिन अँड बेअर इट’ आहे. ‘बाइट द बुलेट’मध्ये सोसण्याआधी एक निर्णय असतो आणि तो माणूस स्वतः घेतो.

म्हणूनच आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत हा वाक्प्रचार अर्थसंकल्पाच्या, इंधनाच्या दरांच्या, अनुदानकपातीच्या बातम्यांत हटकून दिसतो. सरकारने बराच काळ चालढकल केली आणि आता लोकांना न आवडणारा निर्णय घेतला, असं एका दमात सांगायला तो सोयीचा पडतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्याला आणखी एक छटा आहे. तुमच्या सिद्धान्तातून भलताच निष्कर्ष निघतो असं कुणी दाखवून दिलं आणि सिद्धान्त सोडण्याऐवजी तुम्ही तो भलता निष्कर्षच मान्य केला, तर तुम्ही ‘बुलेट’ चावलीत. जे. जे. सी. स्मार्ट हे उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ यासाठी इतके प्रसिद्ध होते की त्यांच्या आडनावावरून या डावपेचाला ‘आउटस्मार्ट करणं’ म्हणण्याची थट्टा सहकाऱ्यांत रूढ झाली. ही छटा तुमच्या कादंबरीत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

आता गोळी. उगमाच्या गोष्टींपुढे मी तीन साधे प्रश्न ठेवते. तारखा जुळतात का? सांगितलेली कृती प्रत्यक्षात तशी होत होती का? आणि त्या कृतीचा रोख आजच्या अर्थाच्या दिशेने आहे का? १८५७ची गोष्ट या तिन्हींवर तपासून पाहा.

कृतीपासून सुरुवात करू. ज्या बंदुकीच्या काडतुसांवरून १८५७चा भडका उडाला ती १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल तोंडाकडून भरायची होती. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. तिच्या एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी. शिपायाने दारूकडचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून गोळीचं टोक नळीच्या तोंडात बसवायचं, वरचा उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने गोळी आत ठासायची. रायफलच्या नळीला आतून आटे असतात, त्यामुळे गोळी सरकावी म्हणून वंगण लागतं, आणि ते वंगण गोळीच्या बाजूच्या कागदाला लावलेलं असे. जुन्या बंदुकींच्या कवायतीत तर स्पष्टच सांगितलेलं असे की काडतूस तोंडाशी नेताना गोळी मुठीत राहिली पाहिजे. म्हणजे शिपाई दातांनी जे फाडत होता तो कागद होता. गोळी त्याच्या दाताखाली येणं अपेक्षितच नव्हतं. दातांनी काडतूस फोडणं हेही नवीन नव्हतं. एनफिल्डच्या आधीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकींसाठी कंपनीचे शिपाई पिढ्यान् पिढ्या तेच करत आले होते. नवी होती ती चरबी.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर माझ्या म्हणण्याचा भलता अर्थ निघेल. वंगण दुसऱ्या टोकाला होतं म्हणून शिपायांची भीती पोकळ ठरत नाही. गाय किंवा डुकराची चरबी लागल्याची शंका असलेला कागद हातात घेऊन तोंडाशी न्यायचा, एवढंच बाटायला पुरेसं होतं. जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडममध्ये ही कुजबुज सुरू झाली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचललं. तोवर सरकारने काडतूस हाताने फाडण्याची मुभा देणारी नवी कवायत काढली होती. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या हलक्या घोडदळाच्या नव्वद स्वारांना ती दाखवायला उभं केलं, तर त्यांपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतुसाला हात लावायला नकार दिला. ती काडतुसं जुन्या पद्धतीचीच होती, पण विश्वास उडाल्यावर त्याने काय फरक पडणार? ९ मेला त्या स्वारांना सर्वांसमोर बेड्या ठोकल्या, १० मेला मेरठ पेटलं. ही बातमी किती लांब आणि कशी पोहोचत होती हे मराठी वाचकाला पाहायचं असेल, तर वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ आहेच. कोकणातून दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघालेल्या या भिक्षुकाला काडतुसांची हकीकत महूजवळ शिपायांच्याच तोंडून ऐकायला मिळाली होती.

आता रोख बघा. १८५७च्या गोष्टीचा सगळा कणा नकारात आहे. तोंडाला लावणार नाही, फाशी दिलीत तरी बेहत्तर. आणि ‘बाइट द बुलेट’चा अर्थ काय, तर नको असलेली गोष्ट शेवटी पत्करणं. दोन्ही एकमेकांच्या नेमक्या उलट आहेत. कुणी म्हणेल, ज्या थोड्यांनी निमूटपणे काडतूस फोडलं त्यांच्यावरून आला असेल. पण इंग्रजीत त्यासाठी ‘बाइट द कार्ट्रिज’ म्हणायला काय हरकत होती? त्या काळातली इंग्रजी कागदपत्रं आणि पत्रव्यवहार काडतुसांनी भरलेले आहेत, तो शब्द तर सगळ्यांच्या तोंडी होता.

राहिली तारीख, आणि इथे गोष्ट संपतेच. गोळी चावण्याची नोंद १८५७च्या साठेक वर्षं आधी छापून झाली आहे. ती कुठे, ते शस्त्रक्रियेची गोष्ट निकालात काढून सांगते.

शस्त्रक्रियेची गोष्ट तुम्हाला शाळेत सांगितली गेली, मलाही सांगितली गेली, आणि ती सांगणाऱ्यांचा दोष नाही. चित्रपटांनी ती इतक्यांदा दाखवली आहे की खरी वाटतेच. तारखांच्या कसोटीवर ती चालते. बोस्टनमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक १६ ऑक्टोबर १८४६ला झालं, एडिंबरोत डॉक्टर सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म १८४७च्या नोव्हेंबरात वापरलं, आणि ईथर १८४७मध्ये कलकत्त्यातही पोहोचलं. त्याआधी शतकानुशतकं माणसं शुद्धीवर असतानाच कापली गेली आहेत. दाताखाली धरायला काहीतरी देणं स्वाभाविक होतं आणि देतही असत. कातड्याचा पट्टा, लाकडाचा तुकडा, दुमडलेलं कापड.

पण गोळी? त्या काळच्या ब्रिटिश मस्केटची, म्हणजे गुळगुळीत नळीच्या बंदुकीची, गोळी म्हणजे साधारण साडेसतरा मिलिमीटर व्यासाचा, तीसेक ग्रॅम वजनाचा शिशाचा गुळगुळीत गोल. माणूस पाठीवर उताणा आहे, चौघांनी त्याला दाबून धरलंय, तो ओरडतोय आणि तोंडात हा सुटा गोल. पहिल्याच किंकाळीला तो घशात जाईल आणि पाय कापायच्या आधी माणूस गुदमरून मरेल. ज्या सर्जनच्या हाताशी कमरेचा पट्टा होता, त्याने हे का करावं? शिवाय ज्या अमेरिकन यादवी युद्धाशी ही गोष्ट सगळ्यात जास्त जोडली जाते, ते १८६१ ते १८६५चं. तेव्हा क्लोरोफॉर्म आणि ईथर दोन्ही बाजूंच्या इस्पितळांत होते आणि मोठ्या शस्त्रक्रिया बहुतेक भुलीखालीच झाल्या. तिथल्या जुन्या रणांगणांवर दातांच्या खुणा असलेल्या गोळ्या सापडतात हे खरं. संग्रहालयांतून आणि लिलावांतून त्या ‘वेदनेची साक्ष’ म्हणून मांडल्याही गेल्या. अभ्यासकांनी खुणा नीट तपासल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच डुकरांच्या दातांच्या निघाल्या. शिसं मऊ असतं, आणि जमीन उकरताना डुक्कर काय चावतंय ते बघत नाही. काही गोळ्यांवर माणसाच्या दातांच्या खुणाही आहेत. कंटाळलेला पहारेकरी, तहानेने तोंड कोरडं पडलेला शिपाई, अशी त्याला साधी कारणं असू शकतात. तहान मारायला गोळी तोंडात धरणं ही शिपायांची जुनी सवय होती.

मग छापील नोंद कुठे आहे? फ्रान्सिस ग्रोस नावाचा एक जाडजूड, गप्पिष्ट इंग्रज होता. पुराणवस्तूंचा अभ्यासक, हौशी चित्रकार, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या राखीव सैन्यात, कॅप्टन राहिलेला. त्याने १७८५मध्ये रस्त्यावरच्या, गुत्त्यातल्या आणि छावणीतल्या इंग्रजीचा एक कोश छापला. त्याचं नाव ‘अ क्लासिकल डिक्शनरी ऑफ द व्हल्गर टंग’. ग्रोस १७९१मध्ये डब्लिनला वारला, पण कोशाच्या आवृत्त्या पुढे निघत राहिल्या. १७९६च्या आवृत्तीत ‘नाइटिंगेल’ या शब्दाखाली असं दिलंय: नाइटिंगेल म्हणजे फटके खाताना ‘गाणारा’, म्हणजे ओरडणारा शिपाई. काही पलटणींत, ग्रेनेडियर (निवडक, धिप्पाड शिपाई) लोकांमध्ये, आसुडाखाली कधीही ओरडायचं नाही हा इभ्रतीचा प्रश्न असतो आणि ते टाळण्यासाठी ते गोळी चघळतात.

या नोंदीला माझे तीनही प्रश्न विचारा. तारीख १८५७च्या आधीची, भुलीच्याही आधीची. कृती पटण्यासारखी, कारण फटके बसणारा माणूस उताणा नसायचा. सार्जंटांचे तीन भाले वर एकत्र बांधून तिकाटणं उभं करायचे आणि त्याला माणूस उभा, तोंड आत करून बांधायचे. मान खाली, गोळी गालात. घशात जाण्याचा धोका कमी, आणि गोळी ही शिपायाकडे नेहमी असणारी वस्तू. आणि रोख? शिक्षा टळणार नाही हे ठाऊक आहे. तिला कसं सामोरं जायचं एवढंच त्याच्या हातात आहे, आणि तेवढं तो स्वतः ठरवतो. गोळी त्याला कुणी भरवत नाही, तो ती आपणहून तोंडात टाकतो. आजच्या अर्थातला तो निर्णय इथे दिसतो.

आसूड म्हणजे काय होता हे कळल्याशिवाय त्या इभ्रतीचं वजन कळत नाही. नऊ शेपट्यांचा, गाठी मारलेला, आणि शिक्षा शेकड्यांत. एक हजार फटक्यांची शिक्षाही सुनावली जाई. १८४६मध्ये लंडनजवळच्या हाउन्स्लोत दीडशे फटके खाल्लेला एक हुस्सार, म्हणजे हलक्या घोडदळातला शिपाई, मेला, त्यावरून गदारोळ उठला आणि कमाल मर्यादा पन्नासावर आली. ब्रिटिश सैन्यातून फटके पूर्ण गेले ते १८८१मध्ये. आणि भारताशी खरा दुवा हवाच असेल तर तो इथे आहे, काडतुसात नाही. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी १८३५मध्ये कंपनीच्या देशी पलटणींतून फटक्यांची शिक्षा बंद केली, पण त्याच छावणीतल्या गोऱ्या शिपायांना ती चालूच राहिली. दहा वर्षं देशी शिपायाची पाठ सुरक्षित आणि शेजारच्या बराकीतल्या गोऱ्याची नाही, अशी उफराटी परिस्थिती होती. १८४५मध्ये देशी पलटणींत ती शिक्षा परत आली. संपादकांना भारतीय टीप द्यायचीच असेल तर ही द्यायला सांगा. निदान ती खरी आहे.

जाता जाता, तोंडातल्या गोळीची आणखी एक जुनी प्रथा आहे जी या चर्चांत उगाच घुसते. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात किल्ला शरण गेला आणि शिबंदी मानाने लढली असेल, तर तिला ढोल वाजवत, निशाणं फडकवत, तोड्याच्या बंदुकीचा तोडा (बार उडवायची वात) पेटता ठेवून आणि ‘गोळी तोंडात’ धरून बाहेर पडू देत. गोळी तोंडात, कारण घाईच्या लढाईत शिपाई पुढची गोळी गालात ठेवत. म्हणजे ‘आम्ही अजून लढायला तयार आहोत’ असा त्याचा अर्थ. चिमाजी आप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला अशाच रिवाजाने, हत्यारांसह ढोल वाजवत आणि निशाणं फडकवत जाऊ दिलं होतं. पण हा मान मिरवण्याचा प्रकार झाला. यात ना वेदना, ना चावणं. आपल्या वाक्प्रचाराशी त्याचा संबंध फक्त वस्तूपुरता.

ग्रोसच्या नोंदीत क्रियापद ‘चघळणे’ आहे. ‘चावणे’ अलंकारिक अर्थाने ठळक दिसतं ते रडयार्ड किपलिंगच्या १८९१च्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ या कादंबरीत. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेल्या किपलिंगचं शिपायांच्या भाषेवर फार बारीक लक्ष होतं. या कादंबरीचा नायक युद्धाची चित्रं काढणारा चित्रकार. त्याची दृष्टी जाते, तेव्हा घाबरलेल्या त्याला मित्र घट्ट धरतो आणि सांगतो की गोळीवर दात रोव, तू घाबरलायस हे त्यांना दिसू देऊ नकोस. तिथे ‘बाइट ऑन द बुलेट’ आहे. म्हणजे गोळी अजून वस्तू आहे, तिच्यावर दात रोवायचे आहेत. आणि ‘त्यांना दिसू देऊ नकोस’ म्हणजे ग्रोसच्या ग्रेनेडियरांची इभ्रत जशीच्या तशी. पुढे १९२३मध्ये पी. जी. वुडहाउसच्या जीव्ज-कथांत एकजण दुसऱ्याला वाईट बातमी सांगण्याआधी ‘बाइट द बुलेट’ म्हणतो, तेव्हा ‘ऑन’ गळलेलं आहे, रक्त गळलेलं आहे आणि प्रसंग विनोदी आहे. छावणीतून दिवाणखान्यात यायला या शब्दांना एवढा वेळ लागला. त्यानंतर इंग्रजी माणूस आयकर भरतानासुद्धा गोळी चावू लागला.

तुमच्या कादंबरीतली बहीण वुडहाउसच्या नंतरची आहे. तिच्या तोंडच्या गोळीत शिसं उरलेलं नाही.

आता मराठी. संपादकांचं ‘गोळी चावून’ का चालणार नाही, याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण इतिहासाचं नाही. मराठीत ‘गोळी’ औषधाचीही असते. ‘आता गोळी चावून घर विकावं लागेल’ हे वाक्य अंधेरीच्या लोकलमध्ये वाचणाऱ्या माणसाला वाटेल की बाईंना आम्लपित्त झालंय. हा घोळ फक्त वाचकांचा होत नाही. इंग्रजीत ‘बिटर पिल’ हा वेगळा वाक्प्रचार आहे, त्याचा रोख अपमान किंवा हार पचवण्याकडे. मराठीत दोन्हींच्या ‘गोळ्या’ झाल्या की अनुवादक मंडळी त्यांची सर्रास अदलाबदल करतात. ‘सरकारने कडू गोळी चावली’ असं मी छापून आलेलं वाचलंय. दोन वाक्प्रचारांचं लग्नच लावलंय.

तुमचं ‘काळजावर दगड ठेवून’ चुकीचं नाही, पण त्याचा भार भावनेवर आहे. लेकीला सासरी पाठवताना, आजारी माणसाला मागे सोडून जाताना आपण काळजावर दगड ठेवतो. त्यात ताटातूट आहे, चालढकल नाही. बहिणीचा त्या घरावर जीव जडलेला असेल आणि तेच दृश्याचं मर्म असेल, तर तुमचा दगड राहू द्या. पण मूळ वाक्यात ती घराबद्दल हळवी होतेय, की ‘किती दिवस पुढे ढकलणार’ म्हणतेय, हे मला दिसत नाही. ते तुम्हालाच पाहायचंय.

दुसरं टोक म्हणजे ‘दातओठ खाऊन’. दात आणि चावणं दोन्ही आहे म्हणून ते हाताशी येतं आणि अर्थ पार बदलतो, कारण दातओठ आपण रागाने खातो. ‘दाती तृण धरून’ म्हणजे शरणागती. तेही नाही. ‘मूग गिळून’मध्ये गप्प बसणं आहे, करणं काहीच नाही. ‘आलिया भोगासी’ अनेकांना सुचतं आणि तुकोबांचा शब्द वाया जात नाही म्हणतात. इथे जातो. भोगाला सादर होताना भोग बाहेरून येतो. इथे ती बाई स्वतः उठून दलालाला फोन करणार आहे.

एक मराठी म्हण मात्र ग्रोसच्या तिकाटण्याजवळ थेट जाऊन उभी राहते: ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’. मार आहे, बंद तोंड आहे, सगळं आहे. तरीही अर्थ जुळत नाही, कारण आपल्या म्हणीत तोंड दुसऱ्याने दाबलेलं असतं आणि ग्रेनेडियर आपलं तोंड आपण बंद ठेवत होता. चित्र जुळलं म्हणून फसू नका. अनुवादात मला सगळ्यात जास्त भीती असल्या जुळ्यांची वाटते.

मग काय लिहायचं? मी अशा वाक्यात प्रतिमा शोधत बसत नाही. ‘एकदाचं’ हा शब्द वापरते. टाळाटाळ, कंटाळा, सुटका आणि निर्णय हे सगळं त्या चार अक्षरांत मावतं, आणि त्याला ‘टाकणे’ जोडलं की काम झालं. ‘मन घट्ट करू आणि घर एकदाचं विकून टाकू.’ ‘विकून टाकू’मधला ‘टाकू’ काढून ‘विकू’ करून पाहा, वाक्य लगेच थंड पडतं. इंग्रजी अनुवादातल्या मराठीत जोडक्रियापदांची जी उपासमार चालते ती अशा ठिकाणी फार दिसते. बोलणारी बहीण तिखट असेल तर ‘किती दिवस ढकलणार? विकून टाकू एकदाचं’ एवढंही पुरे, मन घट्ट करण्याची वाच्यता नको. शांत, थकलेली असेल तर ‘आता मन घट्ट करायलाच हवं. घर विकावं लागेल’ अशी दोन वाक्यं करा. तुम्ही तिचं वय, तिचं बोलणं, भावंडांशी असलेलं नातं दिलेलं नाही, त्यामुळे यातलं एक निवडून देणं माझ्याच्याने होणार नाही.

एक अपवाद. कादंबरीत पुढेमागे या गोळीवर कोटी असेल, म्हणजे भाऊ ‘चव कशी आहे?’ असं काही विचारत असेल, किंवा घरातले आजोबा सैन्यात असतील आणि लेखिकेने तो शब्द मुद्दाम पेरला असेल, तर प्रतिमा सोडून चालणार नाही. तेव्हा नवीच प्रतिमा घ्यावी लागेल, जिच्यावर मराठीत तशी कोटी होऊ शकेल. ‘कडू काढा एका घोटात संपवू’ असं बहीण म्हणाली तर भावाला चवीबद्दल विचारायला जागा मिळते. पण त्यासाठी आधी संपूर्ण कादंबरीत ‘बुलेट’, ‘बाइट’, ‘टीथ’ हे शब्द शोधून बघा. संगणकावर प्रत असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

आणि कादंबरी अठराव्या शतकातल्या पलटणीतली असती, शिपाई तिकाटण्याला बांधलेला असता, तर मी गोळी नक्की ठेवली असती, ‘शिशाची गोळी’ असं स्पष्ट लिहून. तिथे ती वाक्प्रचार नसती, वस्तू असती.

संपादकांना उत्तर देताना उगमावर वाद घालू नका, त्यात फार दिवस जातात. १७९६ची नोंद एका ओळीत सांगा, म्हणजे १८५७ची टीप आपोआप गळेल. त्याच पत्रात आधीच्या प्रकरणांतून भावंडांनी घराचा विषय कुठे कुठे टाळलाय ते पानांसह दाखवा आणि ‘एकदाचं’ सुचवा. तसे प्रसंग नसतीलच, तर मात्र तुमचं ‘काळजावर दगड’ अधिक बरं, आणि मी ते तसंच ठेवा म्हणेन.